दोन घरांत वाटलेला पियानो

माझे बाबा पियानोच्या हातोड्या दुरुस्त करायचे. लोकांना हे सांगितलं की ते हमखास विचारायचे, "पियानोत हातोड्या असतात?" मग मी सांगायचे की असतात, प्रत्येक पट्टीमागे एक, अंगठ्याएवढ्या लाकडाच्या डोक्याला दाबून बसवलेला जाड लोकरी नमदा. बाबांना असले प्रश्न विचारणाऱ्यांचा राग यायचा. काकाला मात्र आनंद व्हायचा. कुणी विचारलं रे विचारलं की तो पियानोचं झाकण उघडून त्या माणसाला डोकं आत घालायला लावायचा.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. बाबा त्याला बारक्या म्हणत, आणि तो बाबांपेक्षा वीतभर उंच झाला तरी बारक्याच राहिला. आजोबांचं पियानो दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे आम्ही. दोघांनाही त्यांनी लहानपणीच हाताखाली घेतलं होतं आणि ज्याचा त्याचा स्वभाव बघून काम वाटून दिलं होतं. बाबांचा हात बारीक कामाला चांगला, म्हणून त्यांच्याकडे पट्ट्या आणि हातोड्यांचं यंत्र. काकाचा कान तयार, म्हणून त्याच्याकडे तारा आणि सूर.

पियानो वाजतो कसा, हे मला दोघांनी दोन वेळा सांगितलं, आणि दोघांचं सांगणं अगदी त्यांच्यासारखं होतं.

बाबांनी यंत्र टेबलावर ठेवून एक पट्टी हळूच दाबायला लावली होती. "बघ, पट्टीचं हे टोक खाली गेलं की आतलं टोक वर जातं. ते हातोडीला ढकलतं. पण तारेपर्यंत पोचवत नाही हं. शेवटचा जरासा रस्ता हातोडी एकटी जाते. तारेवर आदळते आणि लगेच मागे येते."

"लगेच का?"

"चिकटून राहिली तर तार गुदमरेल. मारायचं आणि सोडून द्यायचं. आणि पट्टी दाबलेली आहे तोवर ही छोटी गादी तारेपासून लांब राहते. बोट उचललं की गादी तारेवर बसते, आवाज बंद. झालं. आता जा, अभ्यास कर."

काकाचं सांगणं इतक्यात आटपायचं नाही. त्याच्याकडे सूर जुळवायचा दोन दातांचा एक लोखंडी काटा होता. तो गुडघ्यावर आपटून हवेत धरला की जेमतेम डासाएवढा गुणगुणायचा. मग काकाने तो काटा टेबलावर टेकवला आणि अख्खं टेबल गाऊ लागलं. आम्ही दोघांनी तो काटा घरभर टेकवला. कपाटाला, दाराला, पाण्याच्या पिंपाला, शेवटी माझ्या कपाळाला. आई ओरडली, "पोरीचा मेंदू हलेल!" काका म्हणाला, "हलू दे की वहिनी, कुणाचा तरी हलायला हवाच आहे या घरात."

मग त्याने मला पियानोच्या मागे नेलं. तिथे एक मोठी पातळ लाकडी फळी असते. "तार बारीक," तो म्हणाला, "कितीही थरथरली तरी हवा हलवायला तिच्याकडे अंगच नाही. म्हणून ती एका लाकडी घोडीवरून जाते. तिची थरथर घोडीतून या फळीत उतरते आणि ही एवढी मोठी फळी हवा हलवते. आपण ऐकतो ते या फळीला. हात लाव." मी हात लावला आणि त्याने पुढून एक खालची पट्टी वाजवली. तळहाताला मुंग्या आल्या.

दुकानाच्या कोपऱ्यात आजोबांचा स्वतःचा उभा पियानो होता. कुठल्याशा पडक्या सभागृहातून त्यांनी तो मोडक्या अवस्थेत आणला होता आणि दोन्ही मुलांना त्याच्यावरच काम शिकवता शिकवता पुन्हा उभा केला होता. त्यातली एकेक हातोडी बाबांनी बसवलेली आणि एकेक तार काकाने ओढलेली. आजोबा गेल्यावरही तो विकायचा विषय कधी निघाला नाही. दिवसाचं काम संपलं की काका त्याच्यावर काहीतरी वाजवायचा आणि बाबा हात धुता धुता ऐकायचे. तोंडाने कौतुक करायचं नाही, पण नळ बारीक करायचे.

मग त्या मोठ्या सभागृहाचं प्रकरण झालं.

शहरातल्या सगळ्यात मोठ्या सभागृहाचा पियानो आमच्याकडे असायचा. तिथले व्यवस्थापक एकदा म्हणाले की आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, जरा खणखणीत करा. नमदा मऊ असला की आवाज गोल येतो, कडक असला की टोकदार. मऊ करायचा तर सुया टोचायच्या, कडक करायचा तर लाखेचं पातळ पाणी द्यायचं. ते थेंब थेंब द्यायचं असतं, वाळू द्यायचं असतं, ऐकायचं असतं. बाबांना त्या आठवड्यात कामाची घाई होती. त्यांनी एकदम दिलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पियानो पत्र्याचे डबे बडवल्यासारखा वाजला. बाहेरगावच्या वादकाने मध्यंतरानंतर बसायला नकार दिला. व्यवस्थापकांनी दोघा भावांना रंगमंचामागे बोलावलं. तिथे वादक होता, त्याची बायको होती, दिवे लावणारी माणसं होती. व्यवस्थापक म्हणाले, "हे कुणाचं काम?"

बाबा म्हणाले, "तारा हा बघतो."

एवढंच. खोटंही नव्हतं ते. तारा काकाच बघायचा. काकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि काहीच बोलला नाही. व्यवस्थापक काकाला म्हणाले, "उद्यापासून तुम्ही यायचं नाही." दुसऱ्या दिवशी बाबा एकटेच गेले, सुया घेऊन बसले आणि हातोड्या टोचून टोचून मऊ केल्या. पियानो सुधारला. व्यवस्थापक जो भेटेल त्याला सांगत सुटले की धाकट्याला बाजूला काढल्याबरोबर वाद्य कसं ताळ्यावर आलं. आमचा धंदा तो केवढा, सगळे एकमेकांना ओळखणारे. महिनाभरात काकाची निम्मी गिऱ्हाइकं सुटली.

मी तेव्हा शाळेत होते. मला एवढंच कळलं की घरात कुणी कुणाशी बोलत नाही. खरं काय झालं ते आईने मला फार नंतर सांगितलं. तिला बाबांनी त्याच रात्री सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती, "आत्ताच्या आत्ता जा आणि त्याच्याशी बोला." बाबा म्हणाले होते, "तो विचारेल तेव्हा सांगेन." काकाने विचारलं नाही. एक अडला होता, दुसरा रुसला होता, आणि दोघेही एकाच बापाचे.

काकाने वेगळं व्हायचं ठरवलं. पुलापलीकडे एका धोबीखान्याच्या वर दोन खोल्या घेतल्या. सामान हलवायच्या दिवशी तो आजोबांच्या पियानोजवळ थांबला आणि म्हणाला, "दादा, हा तूच ठेव."

आता यात चिडण्यासारखं काय होतं? पण चोराच्या मनात चांदणं. बाबांना वाटलं, हा उपकार करतोय, सगळ्यांदेखत मोठा होतोय. ते तटकन म्हणाले, "मला कुणाची भीक नको. ज्याने जे केलं ते त्याचं." आणि त्यांनी पाना घेतला, पियानोची पुढची फळी काढली, हातोड्यांचं अख्खं यंत्र उचलून बाहेर काढलं, मग पट्ट्या काढल्या. "तुझ्या तारा तुला लखलाभ!"

आई दारात उभी होती. म्हणाली, "अहो, उद्या मुलीचे हातपाय वाटून घ्याल." कुणी ऐकलं नाही. हमालांनी तारांचं ते जड खोकं गाडीत चढवलं. पुढून पट्ट्या नसल्याने ते बोळक्या तोंडासारखं दिसत होतं. काकू, काकाची बायको, हातात स्टोव्ह धरून गाडीत बसली होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मी हात केला की नाही, आठवत नाही.

यंत्र, पट्ट्यांसकट, बाबांनी दुकानाच्या माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलं. तसंच राहिलं असतं तरी बरं. पण एकदा एका बाईच्या पियानोची हातोडी तुटली. तशा मापाची दुकानात नव्हती. मागवायची तर वेळ लागणार, आणि तिच्या विद्यार्थ्यांची परीक्षा जवळ आलेली. बाबा शिडी लावून वर चढले.

"त्यातली काढताय?" आईने विचारलं.

"एकच. नवी करून घालीन परत."

पहिली हातोडी काढायला त्यांना अर्धा दिवस लागला, असं आई म्हणायची. पुढच्यांना तेवढा लागला नाही. मधल्या सप्तकातल्या हातोड्या सगळ्यात जास्त झिजतात, म्हणून मागणीही त्यांनाच. वर्षं जात होती. मी शिकले, नोकरीला लागले. केव्हातरी काहीतरी शोधायला माळ्यावर गेले आणि चादर बाजूला केली, तर यंत्राची मधली सगळी बाजू नुसत्या काड्यांची झाली होती. मी खाली आले. बाबांनी माझ्या केसांतली धूळ पाहिली आणि कामाकडे वळले.

माझ्या लग्नात काका आला. आईने मला न सांगता बोलावणं पाठवलं होतं. केस पांढरे झालेले, पण चालणं तेच, जरा पुढे झुकून, कुठेतरी काही वाजतंय तिकडे कान लावल्यासारखं. जेवणं उरकल्यावर तो बाबांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. मी पाठीमागेच उभी होते.

"दादा, यंत्र कसं आहे?"

बाबांचा चेहरा मला दिसत नव्हता. मान ताठ झालेली दिसली. "आहे. जागच्या जागी आहे."

"मग आणू का माझं खोकं? हमाल बघतो. एका दिवसाचं काम आहे. तू बसव, मी सूर लावतो."

इतक्या वर्षांनी तो स्वतःहून आला होता. बाबांनी नुसतं हो म्हणायचं होतं. किंवा म्हणायचं होतं, बारक्या, मी त्यातल्या हातोड्या काढल्यात, थोडं थांब. काकाने हसून पाठीत गुद्दा घातला असता. पण बाबा म्हणाले, "बघू."

काका "बरं" म्हणून उठला, मला जवळ घेतलं, नवऱ्याला म्हणाला, "हिचं कपाळ फार छान वाजतं, विचार हिला," आणि गेला.

त्यानंतर बाबांनी नमदा आणला, लाकूड आणलं. हातोड्या करायला घ्यायच्या असं दर थोड्या दिवसांनी म्हणायचे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं की करू. गिऱ्हाइकाचं एवढं उरकलं की करू. त्यांना वाटत होतं, सगळं पहिल्यासारखं करून मगच बोलवावं, म्हणजे काही सांगावं लागणार नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. आई चिडून म्हणायची, "हातोड्या राहू देत, आधी माणसाला बोलवा." आईचं ऐकलं असतं तर हे लिहावं लागलं नसतं.

काका एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही.

बाबांनी कामाचा सदरा बदलला नाही, तसेच पुलापलीकडे गेले. त्यांनी ते घर तोवर कधी पाहिलंच नव्हतं. लोकांना विचारत विचारत पोचले.

महिन्याभराने काकूचा निरोप आला, भाऊजींना घेऊन ये म्हणून. मी त्यांना नेलं. जिना अरुंद होता आणि खालून इस्त्रीच्या वाफेचा गरम वास येत होता. बाहेरच्या खोलीत, खिडकीपासून आणि भिंतीपासून हातभर लांब, ते खोकं उभं होतं. वर एकही भांडं नाही, एकही फोटो नाही. आत तळाशी पाण्याची एक वाटी ठेवलेली होती, हवा कोरडी पडून फळी तडकू नये म्हणून.

बाबांनी आत हात घालून नखाने एक तार छेडली. मग तिच्या शेजारची. मधल्या सुरांना तीन-तीन तारा असतात, तिन्ही एकसारख्या लागल्या तरच सूर एक ऐकू येतो. तिन्ही एक होत्या. त्यांनी खालची जाड, तांब्याने मढवलेली तार छेडली. खोलीभर आवाज पसरला आणि बराच वेळ राहिला.

"हा सुरात आहे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"असणारच," काकू म्हणाली. "हवा बदलली की किल्ली घेऊन बसायचे. एकेक तार नखाने छेडायची, खुंटी पिळायची, परत छेडायची. दोन-दोन दिवस. मी म्हणायचे, अहो, वाजवायला पट्ट्या नाहीत, सूर कसले लावता? नवरी नाही आणि मांडव घालताय! तर म्हणायचे, दादा कधी यंत्र घेऊन येईल सांगता येत नाही. आल्यावर त्याला थांबायला लागू नये."

बाबा स्टुलावर बसले. काकू पाणी आणायला आत गेली, ती जरा जास्तच वेळ आत राहिली. बाहेर आली तेव्हा बाबांनी तिला सांगून टाकलं. सभागृहातलं. लाखेचं पाणी, आपली घाई, आणि ते तीन शब्द. मान खाली घालून, अडखळत, पण सगळं.

काकूने पेला त्यांच्या हातात दिला. "त्यांना ठाऊक होतं, भाऊजी. पहिली पट्टी वाजली तेव्हाच कळलं होतं म्हणे."

"मग तो बोलला का नाही? तिथल्या तिथे बोलायचं होतं!"

"मीही तेच विचारलं. तेव्हा माझा जीव जळत होता हो, हाताला काम नव्हतं. म्हणाले, तो माझा भाऊ आहे, सांगेल आपणहून." ती थांबली. "नंतर नंतर मी विचारायचं सोडलं. तुमचा राग मला यायचा. अजून येतो. खोटं कशाला बोलू?"

"येऊ दे," बाबा म्हणाले.

निघताना ती म्हणाली, "यंत्र आणाल? मला एकदा ऐकायचंय. इतकी वर्षं पुसलंय त्याला."

आईने घरी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बैल गेला आणि झोपा केला." पण तिनेच माळ्यावरून चादरीतलं यंत्र उतरवून घेतलं आणि टेबल रिकामं करून दिलं. बाबांनी हातोड्या करायला घेतल्या. वयाने हात थरथरायचे. डिंक लागायचा तिथे न लागता बोटांना लागायचा. पूर्वी सकाळभरात होणारं काम आठवडा खायचं. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन लाकडं धरून बसायचे. मी म्हटलं, कारखान्यातून तयार मागवू. ते म्हणाले, "मागवायच्या असत्या तर तेव्हाच मागवल्या असत्या की." हिवाळा गेला, उन्हाळा आला, तेव्हा कुठे यंत्र भरलं.

बसवायला लागला एक दिवस. काका म्हणाला होता तेवढाच. आधी पट्ट्या लागल्या, मग यंत्र खोक्यात गेलं आणि जुन्या खाचांत बरोबर बसलं. बाबांनी काकूला बोलावलं आणि खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी वाजवली.

खालचा भाग सुंदर वाजला. तिथल्या हातोड्या जुन्याच होत्या, आजोबांसमोर बसवलेल्या. मधे आल्यावर आवाज बदलला. नवा नमदा कडक, त्यातून थरथरत्या हाताने दाबलेला. प्रत्येक सूर थोडा वेगळा, थोडा कोरडा. वर पुन्हा जुन्या हातोड्या, पुन्हा गोडवा. डोळे मिटून ऐकलं तरी कुठून कुठवर त्यांनी यंत्र ओरबाडलं होतं ते कळत होतं. बाबांनी दोनदा वाजवून पाहिलं आणि पट्ट्यांवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

काकूला त्यातलं काही कळलं असेल असं वाटत नाही. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा ओला होता. म्हणाली, "एवढा मोठा आवाज होता होय याचा!"

पुढे बाबा दर थोड्या दिवसांनी तिकडे जाऊ लागले, सुयांची डबी खिशात घालून. मधल्या हातोड्या टोचायचे, वाजवायचे, पुन्हा टोचायचे. आवाज हळूहळू मवाळ होत गेला, पण जुन्यांशी कधी मिळाला नाही. तारांना मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. वाजायला लागल्यावर त्या उतरू लागल्या होत्या, तीन तारांचा एक सूर फाटू लागला होता. मी म्हटलं, "कुणालातरी बोलावू या." म्हणाले, "हे सूर त्याने लावलेत. कुणी किल्ली फिरवली की गेले." ते गेल्यातच जमा होते. रोज थोडे थोडे जात होते.

शेवटी काकूनेच मनावर घेतलं. "भाऊजी, आता याला बेसूर झालेला मी नाही ऐकणार. ते असते तर रागावले असते." तिने सूर लावणाऱ्या एका बाईला बोलावलं. ती आली तेव्हा बाबा जिन्यावर जाऊन बसले. आतून एकेक सूर हलत होता, वर जात होता, स्थिर होत होता. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. खाली इस्त्रीवाले एकमेकांवर ओरडत होते. बाबा मधेच म्हणाले, "जरा उंच घेतेय ही." मग म्हणाले, "नाही, बरोबर आहे."

संध्याकाळी ती बाई सामान आवरून निघाली. बाबांनी तिला वाट द्यायला पाय जवळ घेतले आणि ती खाली जाईपर्यंत तसेच धरून ठेवले. मग उठून आत गेले. काकू एका बोटाने कुठलीशी पट्टी दाबून बघत होती, आणि दाबून धरली की आवाज हळूहळू कसा विरतो ते ऐकत होती. बाबा तिच्या मागे उभे राहिले. त्यांना मधल्या हातोड्यांचं काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं, पण आवाज संपेपर्यंत ते थांबले, आणि मग त्यांनी ते सांगितलं नाही.